पाऊस गेला, हॉटेलच्या लॉनला रोज पाणी द्यायचं का?

कळंगुटला छोटं हॉटेल बघतो, पुढे लॉन, कडेने जास्वंद. जूनपासून स्प्रिंकलर बंदच होते, आता ऑक्टोबरचं ऊन लागतंय तर मालक म्हणतात रोज दोनदा सोड, टँकरचा खर्च बघून मला काय ते पटत नाही.

माडकार: रोज नको बाब. लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसून बघा, सहज गेला तर ओल आहे, सोडून द्या. आणि द्यायचं तर पहाटेच, संध्याकाळी दिलं की गवत रात्रभर ओलं राहतं नी बुरशी धरते.

पंपवाला: आधी फिल्टर, नोझल साफ करा, बंद लाइनीत मुंग्या माती काय काय शिरतं. जास्वंदीला स्प्रिंकलर कशाला, ड्रिप टाका, वेगळा व्हॉल्व्ह. बुंध्याशी नारळाची सोडणं (सालं) पसरा, फुकटात ओल टिकते.

माडकार: बोअर असेल तर उन्हाळ्यात पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बघत जा, समुद्र जवळ म्हणजे खारट व्हायची भीती. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) नाही का, त्याचं पाणी बागेला वापरायला?

प्रश्नकर्ता: आहे, पण पाण्याला वास मारतो.

पंपवाला: वीज वाचवायला ब्लोअर (एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात का बघा, हवा नसली की वास मारतो! आणि ते पाणी स्प्रिंकलरने उडवू नका, गेस्ट बसतात तिथे, ड्रिपनेच द्या.