शास्त्रातल्या (बायबलमधल्या) प्रतिमा रोजच्या जगण्यात कशा उतरवता?

मीठ, दिवा, वेल, मान्ना. रविवारी उपासनेत ऐकलेल्या या प्रतिमा सोमवारच्या कामाला कशा लावायच्या, हे जे नेमाने करतात त्यांनी कृपया लिहावं. साक्षीपेक्षा रीत सांगा: काय करायचं, किती करायचं आणि गाडी कुठे अडते.

*

निर्गम 16 मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न, वचनवाचनाला लावून पाहा. दर माणशी एक ओमेर (त्या काळचं माप), सकाळीच गोळा करायचा. ऊन तापलं की वितळणार, उद्यासाठी साठवला की किडे पडणार. वर्षभरात अख्खं शास्त्र वाचायचा संकल्प बहुतेकांचा एकाच ठिकाणी मोडतो. प्रोटेस्टंट शास्त्रात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 महिन्याभरात होतात आणि समोर लेवीय येतं. अर्पणांचे नियम वाचताना दोन दिवस चुकतात, भरपाई म्हणून एका बैठकीत दहा अध्याय उरकले जातात, डोक्यात काहीच राहत नाही आणि वाचन थांबतं.

चुकलेलं चुकलं, ते सोडून द्या. आजचा वाटा घ्या. दहा-बारा वचनं पुष्कळ झाली: एकदा मनात, एकदा मोठ्याने, मग त्यातलं एक वचन स्वतःच्या शब्दांत वहीत. हे फोन हातात घेण्याआधी व्हायला हवं, नंतर ऊन तापतंच. सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळे आणि तो नासत नसे. रविवारी सकाळी उपासनेची धावपळ असेल तर त्या दिवसाचा वाटा शनिवारी रात्रीच काढून ठेवावा.

*

मला लेवीय 19:9 फार जवळचं वाटतं: कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, पडलेला सरवा वेचू नका. किती सोडायचं ते शास्त्र सांगत नाही. पुढे मिश्नाने (यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाने) निदान साठावा हिस्सा ठरवला. पगारात मोजलं तर महिन्यातली अर्ध्या दिवसाची कमाई. ही रक्कम दशमांशात (मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यात) धरू नये, ती वेगळी. पगार जमा झाला त्याच दिवशी बाजूला काढायची; महिनाअखेरीवर टाकलं की कोपरा उरतच नाही.

खरी अडचण देण्याच्या पद्धतीत आहे. कोपऱ्यातलं धान्य मालक वाटत नसे, गरजवंत स्वतः येऊन कापून नेई. रूथ 2 मध्ये सरवा वेचायला आलेल्या रूथसाठी शेतमालक बवाज गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम कणसं गाळायला लावतो आणि तिला धमकावू नका असंही बजावतो. म्हणून मागणाऱ्याची उलटतपासणी नको, फोटो नको, मंडळीत उल्लेख नको. वेळेचंही तसंच: आठवड्यातले दोन तास कुणाच्याही नावावर न लावता मोकळे ठेवा. कुणाला दवाखान्यात सोबत हवी असते, कुणाला अर्ज भरून हवा असतो. कोपरा राखलेला नसेल तर अशा वेळी माणूस अडथळा वाटायला लागतो.

*

राग सूर्यास्ताआधी सोडा (इफिसकरांस पत्र 4:26). त्यासाठी माफी मागताना वाक्यात ‘पण’ आला की माफी संपली. ‘मी सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हणालो, ते चुकलं’ एवढंच. नेमके शब्द उच्चारायचे. ‘काही चुकलं असेल तर’ हे चालत नाही.

*

योहान 15 मध्ये येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. तिथली एक गोष्ट लोक हमखास विसरतात: फळ न देणारा फाटा काढला जातो, पण फळ देणाराही छाटला जातो. द्राक्षाला घड येतो तो नव्या फुटीवर. छाटणी टाळली तर पाला वाढतो आणि घड बारीक राहतात.

सेवेत हेच होतं. गायनमंडळी, शब्बाथशाळा (मंडळीतला शास्त्र शिकवण्याचा वर्ग), तरुण संघ, कमिटी, सगळं चांगलंच, आणि घरात मात्र चिडचिड. वर्षातून एकदा सगळ्या जबाबदाऱ्या कागदावर लिहा. प्रत्येकीसमोर गलतीकरांस पत्र 5:22-23 मधली आत्म्याची नऊ फळं धरून विचारा: ही सेवा करून घरी परतताना माझ्यात सहनशीलता, सौम्यता उरते का? उत्तर स्वतः देऊ नका, घरच्यांना विचारा. मग चांगल्यातलीही एक जबाबदारी सोडा, मात्र दोन-तीन महिने आधी सांगून आणि दुसऱ्याला शिकवून. रिकाम्या वेळात लगेच नवी सेवा भरू नये, नाहीतर छाटणी वाया जाते.