सेकंडहँड स्टिरिओ अँप्लिफायर घ्यायचाय, बजेट ८ हजार, काय बघून घेऊ?

कंदीपेढा_सातारा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माळा आवरताना बाबांच्या ६०-७० एलपी निघाल्या, नाट्यसंगीत आणि थोडं शास्त्रीय, आणि सोबत काकांनी १९८९ ला दुबईहून आणलेला टेक्निक्सचा टर्नटेबल पण. बेल्ट चिकट होऊन गेला होता, तो बदलला, आता मस्त फिरतोय. स्पीकर एका मित्राने दिलेत, शेल्फवर बसतील एवढे, मागे ८ ओह्म आणि ८८ डीबी लिहिलंय. खोली १० बाय १२. आता फक्त अँप नाहीये आणि खिशात ८ हजार आहेत, ओढूनताणून ९. नवीन घ्यायला गेलं तर ब्रँडेडच्या किमती बघूनच बाहेर आलो.

आठ दिवस शोधून हे चार सापडलेत:

१) मरांट्झचा जपानी अँप, पुण्यात, ७ हजार. मागे १०० व्होल्ट लिहिलंय, विकणारा म्हणतो कन्व्हर्टर लावा, काही होत नाही.
२) यामाहाचा ५.१ रिसीव्हर, रिमोट हरवलाय, साडेपाच हजार.
३) आमच्या गल्लीतला मंडपवाला त्याचा आहुजाचा अँप ३ हजारात देतोय. म्हणतो २५० वॅट आहे, पूर्ण पेठ हलेल.
४) एनएडी ३०२०, रत्नागिरीच्या पुढे एका गावात, ८ हजार. एक बाजू बंद आहे, "किरकोळ काम आहे" म्हणे.

बाबा म्हणतात मंडपवाल्याचाच घे, ओळखीतला आहे. मला यातलं ओ का ठो कळत नाही. सांगा राव.

खरखर_काका

आधी मंडपवाल्याला नमस्कार करून परत पाठव. त्याचा अँप वाईट नाही, पण तो भोंग्यांसाठी बनलाय. मागे बघ, ४, ८, १६ ओह्मच्या शेजारी ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे स्क्रू असतील, लांबवर वायर ओढून दहा भोंगे लावायची ती सोय. आणि मुख्य म्हणजे तो मोनो. डावं उजवं काही नाही, एकच. बाबांना सांग ओळखीतला आहे म्हणून लग्नाला बोलवू, अँप नको.

आता वॅटचं. सगळे इथेच फसतात. तुझे स्पीकर ८८ डीबीचे म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८८ डीबी आवाज, आणि हे काही कमी नाही, बायको आत येऊन "कमी कर" म्हणते तो आवाज आहे हा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. म्हणजे १० वॅटला ९८, २० ला १०१, आणि ४० वॅटचा अँप आणलास तर २० च्या वर फक्त ३ डीबी. १० बाय १२ च्या खोलीत नाट्यसंगीत ऐकायला तू बहुतेक वेळ १-२ वॅटच वापरणार आहेस. त्यामुळे पुढच्या पॅनलवर १००० वॅट पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला आकडा) असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं काही दिसलं की तिथूनच मागे फिर, तो आकडा स्टिकर छापणाऱ्याच्या मर्जीचा असतो. आरएमएस, म्हणजे सतत देऊ शकतो ते वॅट, किती ते विचार, आणि त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे मागच्या प्लेटवर तो घरातली वीज किती घेतो ते बघ. ६० वॅट खाणारा डबा २५० वॅट बाहेर काढणार कुठून, काय विहीर आहे का आत?

माझं मत विचारशील तर ८ हजाराचा अँप घेऊच नको. ५-६ चा घे आणि २-३ हजार दुरुस्तीला बाजूला ठेव. ३०-४० वर्षं जुनी वस्तू आहे, काहीतरी निघणारच. आणि अँप शोधायच्या आधी मेकॅनिक शोध. साताऱ्यात जुने रेडिओ-टीव्ही करणारे कोणी काका अजून दुकान उघडत असतील तर त्यांच्याकडे जाऊन चहा पी, "ट्रान्झिस्टरवाला अँप आणला तर बघाल का" विचार. ते हो म्हणाले तर अर्धं काम झालं.

जुना_बाजार_बुधवार

काकांना +१. मेकॅनिक आधी, अँप नंतर. (मुलगी बघायच्या आधी सासू बघा तसं.)

तोक्योतला_कोल्हापुरी

१०० व्होल्टवाल्याबद्दल लिहितो कारण मी जिथे राहतो तिथे भिंतीतच १०० व्होल्ट आहेत. इकडे हार्ड ऑफ नावाची सेकंडहँड दुकानं आहेत, त्यात जंक म्हणून एक कोपरा असतो, चेक न केलेला माल, घेतला की परत नाही. असला माल कुठून कुठून फिरत भारतात पोचलेला असू शकतो. अँप वाईट असेल असं नाही, उलट जपानी लोक वस्तू फार नीट ठेवतात, पण तीन गोष्टी लक्षात ठेव.

घरच्या २३० ला चुकून एकदा जरी लावला ना, तरी गेला. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि तो परत मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. घरात कोणीतरी साफसफाई करताना प्लग काढतं आणि दिसेल त्या सॉकेटला लावतं, हे होणारच.

दुसरं म्हणजे बाजारातले स्टेपडाऊन (व्होल्टेज उतरवणारे कन्व्हर्टर) बहुतेक ११० चे असतात. १०० चा अँप ११० वर चालेल पण गरम जास्त होईल आणि आतले जुने कपॅसिटर आधीच थकलेले असतात, त्यांच्यावर ताण. मागच्या प्लेटवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट-दुप्पट ताकदीचा स्टेपडाऊन लागतो, तो जड, गुंईं आवाज करणारा आणि फुकट नाही. त्याचे पैसे धरले की तुझे ७ चे ९ झाले.

तिसरं, काही अँपच्या मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असतो, ११०/१२०/२२०/२४० असा. ते बाहेर विकायला केलेले मॉडेल. तसा असेल तर डोळे झाकून घे असं नाही म्हणणार पण डोळे उघडून नक्की बघ. आणि बघताना तो स्विच आत्ता कशावर आहे तेही बघ, प्लग लावायच्या आधी :)

समुद्रकाठचा_सोल्डर

रत्नागिरीचा आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे घरोघरी आखातातून आलेले अँप, डेक, टीव्ही पडलेत, गोव्यात तर बोटीवर काम करणाऱ्यांनी आणलेले आहेत ते वेगळेच. फायदा काय, ते २२०-२४० व्होल्टचे असतात, कन्व्हर्टरची भानगड नाही. तुझ्या काकांचा टर्नटेबल तसाच आला की. तोटा म्हणजे खारी हवा. वरून चकचकीत दिसतो, टॉवेल टाकून ठेवलेला असतो, पण झाकण उघडलं की आत स्क्रू गंजलेले, सॉकेटवर हिरवट थर, स्विच आतून काळे पडलेले. आणि झुरळं. पालीची अंडी पण काढलीत मी, खोटं नाही सांगत.

पण त्या एनएडीबद्दल मला एक शंका आहे. १९७८ चं मॉडेल ते, कागदावर फक्त २० वॅट, तरी जगभर नाव झालं. त्याच्या मागे प्रीअँपचा (व्हॉल्यूम-टोनवाला भाग) आऊट आणि पॉवर अँपचा (स्पीकर चालवणारा भाग) इन वेगवेगळे दिलेत आणि त्यांना जोडायला यू आकाराच्या दोन छोट्या धातूच्या पिना असतात. एक पिन हरवली किंवा गंजली की ती बाजू मुकी. लोक समजतात अँप जळला. तुझी "एक बाजू बंद" ती असू शकते किंवा खरंच ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो, फोनवर सांगता येत नाही. विकणाऱ्याला मागचा फोटो मागव. पिन नसेल तर तिथे साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनवाल्या ऑडिओ) वायरचा छोटा तुकडा लावून बघता येतं.

असाच एक किस्सा, जुन्या बाजारात एक सोनोडाईन पडला होता, "बंद माल, भंगाराच्या भावात न्या". मी बघितलं तर पुढचं टेप मॉनिटर बटण दाबलेलं. ते दाबलं की अँप टेप डेककडून आवाज यायची वाट बघतो, डेक नाही तर आवाज नाही. तिथेच बटण सोडलं असतं तर भाव वाढला असता म्हणून गप घरी आणला. पाप लागलं असेल तर लागू दे.

क्लास_डी_जिंदाबाद

सगळे आजोबांच्या गोष्टी सांगताय म्हणून माझा विरोधी सूर. २०-२५ वर्षांपेक्षा जुना अँप म्हणजे पगार नसलेली नोकरी आहे. नवा छोटा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) अँप घे, टीपीए ३११६ चिपवाले खूप मिळतात, तळहाताएवढा असतो, गरम होत नाही, ब्लूटूथ पण येतं, तुझ्या बजेटमध्ये आरामात बसतो, आणि उरलेल्या पैशात फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा). झालं. ना गंज ना पाल.

खरखर_काका

@क्लास_डी, चुकीचं नाही बोलत तू, मी पण मुलाला हॉस्टेलवर तसलाच दिलाय. पण त्याच्या सोबत येणारा अडॅप्टर नीट बघून घ्यावा लागतो, हलक्या अडॅप्टरवर तो लिहिलेले वॅट कधीच देत नाही. आणि कंदीपेढ्याला एलपी ऐकायच्यात, तिथे फोनोचा मुद्दा मोठा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (टर्नटेबलची सुई बसते तो भाग) सिग्नल येतो ४-५ मिलिव्होल्ट. अँपच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) तो लावलास तर डास गुणगुणल्यासारखा आवाज येईल, बेस तर नाहीच, कारण एलपी कापतानाच बेस दाबून आणि ट्रेबल चढवून कापतात आणि फोनो स्टेज ते परत सरळ करतो. त्यामुळे मागे फोनो लिहिलेला अँप घेतलास की वेगळा डबा वाचला. जुन्या स्टिरिओ अँपना बहुतेक असतोच, ५.१ रिसीव्हरना बऱ्याचदा नसतो, तुझ्या यामाहाचं मागून तपास. नाहीतर तो रिसीव्हर काही वाईट सौदा नाही, जुन्या एचडीएमआयमुळे लोक फुंकून टाकतात, दोन चॅनेलला मस्त वाजतात. पण रिमोट नाही म्हणजे आतली सेटिंग बदलताना बोंब.

आता बघायला जाशील तेव्हा. सोबत मल्टीमीटर ने, ३००-४०० रुपयांचा पण चालेल, फोनपासून आरसीएची वायर, आणि एखादा जुना टाकाऊ स्पीकर. चांगले स्पीकर अजिबात नेऊ नको. स्पीकर न लावता अँप चालू कर, व्हॉल्यूम शून्य, पाच मिनिटं थांब, मग स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोज. दोन्ही बाजूंना २०-३० च्या आत असेल तर छान, ५० पर्यंत चालतं, १०० च्या वर गेला तर भाव पाड किंवा उठ. आणि व्होल्टमध्ये आकडा आला तर बहुतेक आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, तो तुझ्या स्पीकरची कॉइल जाळणार. म्हणून तर टाकाऊ स्पीकर.

मग तो टाकाऊ लाव, गाणं लाव आणि अर्धा तास तिथेच बस. विकणारा वैतागेल, वैतागू दे, चहा मागव. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नको, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते (साधा डब्ल्यूडी ४० नाही मारायचा, कॉन्टॅक्टवाला वेगळा मिळतो). एक बाजू येते-जाते आणि बटण हलवलं की परत येते, तेही बहुतेक स्विच किंवा रिलेचा मळ. पण व्हॉल्यूम शून्यावर असताना पण घूंऽऽ असा जाड हम येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर गेलेत असं धर. ते बदलता येतात, पण त्याचे पैसे भावातून काप. हीटसिंकच्या (गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) दोन्ही बाजूंना हात लाव, एक गार आणि एक चटका असेल तर सोड.

आणि शेवटचं, आत एसटीके नंबरची मोठी चपटी आयसी आहे का विचार. सॅन्योच्या त्या जुन्या आयसी आता बनत नाहीत, बाजारात येतात त्यात डुप्लिकेट भरपूर, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मी स्वतः दोनदा गंडलोय. सुटे ट्रान्झिस्टरवाला अँप असेल तर मेकॅनिकला काहीतरी पर्याय सापडतो.

कंदीपेढा_सातारा

वेळ लागला लिहायला. रविवारी यष्टीने रत्नागिरीला जाऊन आलो. फोटोत पिना दोन्ही दिसत होत्या म्हणून धाकधूक होती. तिथे पिना काढल्या, एक आतून पार हिरवी झालेली. सँडपेपर नव्हता, किल्लीने खरवडली, परत लावली, आणि बंद बाजू बोलायला लागली!! विकणारे आजोबा माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले मग आता ९ द्या. मी म्हटलं आजोबा, आठ ठरले होते. शेवटी सात हजार आठशे आणि वर कोकम सरबत. डीसी डावीकडे १८, उजवीकडे ३१. अर्धा तास बसलो, दोन्ही बाजू सारख्याच कोमट. दुरुस्तीला बाजूला ठेवायला पैसे उरले नाहीत ते काका ओरडतील माहितीये.

आता घरी लावलाय. फोनवरून मस्त वाजतो पण टर्नटेबल लावला की हम येतो, व्हॉल्यूम वाढवला की हम पण वाढतो. कपॅसिटर गेले का?

समुद्रकाठचा_सोल्डर

कपॅसिटर असते तर फोनवर पण हम आला असता. टर्नटेबलमधून दोन आरसीए सोडून तिसरी एक बारीक वायर येते, टोकाला काट्यासारखी क्लिप असलेली. ती कुठे आहे?

कंदीपेढा_सातारा

टेबलामागे लोंबकळतेय. मला वाटलं काकांनी काहीतरी जोडलेलं होतं ते तुटलंय.

खरखर_काका

अरे देवा. अँपच्या मागे फोनोच्या शेजारी जीएनडी लिहिलेला स्क्रू आहे, त्याला घट्ट आवळ. आणि लावताना अँप बंद कर रे बाबा.

कंदीपेढा_सातारा

गेला हम. बाबा सकाळपासून दुसरी बाजू लाव, दुसरी बाजू लाव करतायत, ऑफिसला उशीर झाला.