मुकी बेट्सला बॉस्टनने सोडले, ते करापायी की हिशेबापायी? (‘उजवे मैदान’, ‘हिशेबनीस’ आणि ‘जुना गडी’ या तिघांचा वाद)

उजवे मैदान

फेब्रुवारी 2020 मध्ये बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने मुकी बेट्स हा आपला सर्वोत्तम खेळाडू, डेव्हिड प्राइस या महागड्या पिचरसह (चेंडू टाकणाऱ्यासह), लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकला आणि बदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स व कॉनर वाँग हे तिघे घेतले. 2018 मध्ये फलंदाजीत .346 च्या सरासरीने (दर हजार संधींमागे 346 यशस्वी फटके) खेळून ज्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले, त्याला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सोडण्याचे समर्थन मला आजही पटत नाही.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पक्की खर्चमर्यादा नाही. आयपीएलमध्ये थैली रिकामी झाली की बोली थांबते. येथे खेळाडूंच्या एकूण पगाराने ठरावीक आकडा ओलांडल्यास केवळ वरच्या रकमेवर कर बसतो, लागोपाठ तिसऱ्या वर्षी त्याचा दर 50 टक्के होतो आणि एक हंगाम मर्यादेखाली काढला की तो पुन्हा 20 टक्क्यांवर येतो. बॉस्टनने 2018 आणि 2019 मध्ये मर्यादा ओलांडली होती. 2020 ची मर्यादा 20.8 कोटी डॉलर होती. ती दोन कोटींनी ओलांडली असती, तर कर एक कोटी झाला असता. रेड सॉक्सचे मालक असलेल्या ज्या जॉन हेन्री यांच्या समूहाकडे लिव्हरपूलसारखा फुटबॉल क्लब आहे, त्यांना एवढे झेपत नव्हते, असे मानायला मी तयार नाही.

हिशेबनीस

आपण एका वर्षाच्या करावर बोट ठेवता, पण खरा प्रश्न पुढच्या दहा-बारा वर्षांचा होता. बेट्स त्याच हंगामाअखेर करारमुक्त होणार होता आणि खुल्या बाजारात आपली किंमत आजमावण्याचा मनोदय त्याने लपवला नव्हता. तो तसाच निघून गेला असता, तर बॉस्टनच्या पदरात ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) एखाद्या निवडीपलीकडे काही पडले नसते.

शिवाय लांब मुदतीच्या करारांचे चटके या मालकांना ताजे होते. प्राइसचा करार 7 वर्षांचा आणि 21.7 कोटींचा होता. ख्रिस सेल या पिचरला 2019 मध्ये 14.5 कोटींची 5 वर्षांची वाढ दिली, आणि ती लागू झाली त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही.

उजवे मैदान

सेलचे उदाहरण मान्य, पण पिचरच्या कोपराचा हिशेब फलंदाजाच्या नावावर कशाला मांडायचा? आणि खुल्या बाजाराचे म्हणाल, तर याच बेट्सने जुलै 2020 मध्ये, साथीमुळे मैदाने ओस पडलेली असताना, बाजारात पाऊलही न ठेवता डॉजर्सशी 36.5 कोटींचा 12 वर्षांचा नवा करार केला. किंमत पटली तेव्हा तो थांबला.

उलट बाजूला, प्राइसच्या उरलेल्या 9.6 कोटींपैकी निम्मे बॉस्टननेच भरले, डाउन्सला 2022 संपण्यापूर्वी सोडले आणि व्हर्डुगोला पुढच्याच वर्षी चक्क यांकीज या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे पाठवले. कर टाळण्याची एवढी घाई केलेल्या या संघाने 2022 मध्ये पुन्हा मर्यादा ओलांडली, आणि तीही आपल्या विभागात तळाला राहून! माझ्या मुलाचा बेट्सच्या 50 क्रमांकाचा शर्ट अजून कपाटात आहे. बॉस्टनच्या फेनवे मैदानावर जाताना तो घालायचा की नाही, यावर आमच्याकडे दर उन्हाळ्यात वाद होतो.

हिशेबनीस

2022 चे गणित चुकले, हे मी नाकारत नाही. मात्र 2021 मध्ये हाच संघ अमेरिकन लीगच्या (स्पर्धेच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

जुना गडी

बॉस्टनने बेब रूथ या दिग्गजाला 1920 च्या सुमारास यांकीजला विकल्याची आठवण अजून कोणी काढली नाही, याबद्दल दोघांचेही आभार. मला मात्र बॉस्टनचाच रफाएल डेव्हर्स आठवतो. बेट्सबद्दलचा रोष शमावा म्हणून म्हणा किंवा शहाणपण सुचले म्हणून म्हणा, त्याला जानेवारी 2023 मध्ये 31.35 कोटींचा 10 वर्षांचा करार दिला गेला. पुढे ॲलेक्स ब्रेगमन संघात आल्यावर डेव्हर्सची तिसऱ्या बेसवरची क्षेत्ररक्षणाची जागा गेली, पहिल्या बेसवर उभे राहण्यास त्याने नकार दिला, आणि जून 2025 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे रवाना झाला. तेव्हा पैसा मोजूनही खेळाडू टिकला नाही. हेन्रींची तिजोरी उघडी होती की बंद, एवढ्यावरच वाद घालायचा, तर डेव्हर्सचे काय करायचे ते आधी सांगा.