एअर पिस्तूल: शॉट खाली डावीकडेच का जातात?

कोपरीकर:
मी ठाणे पूर्वेला राहतो आणि नवी मुंबईतील एका रेंजवर दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतो. नेम उजव्या हाताने धरतो. साईट (नेम धरण्यासाठीची पुढची काडी आणि मागची खाच) जुळलेली दिसत असतानाही बरेच शॉट सात-आठच्या वर्तुळात, खाली डावीकडे लागतात. साईटचे स्क्रू फिरवले, तर चांगले शॉट वर उजवीकडे जाऊ लागले. ट्रिगर झटकला जातो, असे प्रशिक्षक म्हणतात. पण हात डोलत असताना दहा साधायचा तर बोट चटकन ओढावेच लागेल ना? घरी कोणता सराव करावा?

नेरूळची नेमबाज:
तुमचे दुखणे त्या ‘चटकन’मध्येच आहे. हात सर्वांचाच डोलतो, ऑलिंपिकपटूंचाही. दोन्ही साईट एकमेकींशी जुळलेल्या राहून संपूर्ण हात एक मिलिमीटर सरकला, तर लक्ष्यावरही तेवढाच फरक पडतो. परंतु दोन साईटमधील अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरले आणि झटक्याने पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर हलली, तर शॉट तीन सेंटिमीटरांहून अधिक चुकतो आणि दहाचा सात होतो. म्हणून डोलणे चालवून घ्यावे, झटका नव्हे.

ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे सुरुवातीची हलकी ओढ, हात लक्ष्याच्या जागेवर स्थिरावत असतानाच घ्यावा आणि दुसऱ्या टप्प्याचा अडथळा बोटाला जाणवला, की नजर पुढच्या साईटवर ठेवून दाब न थांबवता वाढवत न्यावा. शॉट सुटल्यावरही बोट क्षणभर मागेच राहू द्यावे. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यावा. स्पर्धेत 60 शॉटसाठी 75 मिनिटे असतात, तेव्हा घाई कसली?

घरी कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव, करा. समोर लक्ष्यच नसल्यामुळे दहा पकडण्याचा मोह होत नाही आणि बोटाने साईट हलवली की ते लगेच दिसते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दरवेळी करावी, पेलेटचा (छर्ऱ्यांचा) डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि स्क्रू पूर्ववत करावेत.

घोडबंदर रोड:
वरील उत्तर पटले, तरी दोष एकट्या बोटाचा नसावा. ट्रिगर ओढताना बाकीची बोटे आणि अंगठाही आवळले जातात आणि मनगट खाली झुकते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जाण्यामागे पुष्कळदा हेच असते. तर्जनी ग्रिपला कडेने घासते का, तेही पाहा. तिच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर टेकून दाब सरळ मागे यायला हवा. आपल्याकडच्या दमट हवेत तळहात घामेजला की माणूस नकळत मूठ घट्ट करतो, म्हणून जवळ कोरडा नॅपकिन ठेवा. हे प्रशिक्षकांनी बाजूला उभे राहून पाहिले तर उत्तम.

जुना सदस्य:
ट्रिगर हलका करून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ट्रिगर सुटायला लागणाऱ्या दाबाला एअर पिस्तुलासाठी किमान 500 ग्रॅमची मर्यादा आहे. 25 मीटर पिस्तूल प्रकारात, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ती 1000 ग्रॅम आहे. एवढ्या वजनावरही बोट मऊपणे चालते. उलट ट्रिगर अगदी मर्यादेवर लावला, तर तपासणीत ट्रिगरला टांगलेले वजन तो न सुटता उचलले न गेल्यास पंचाईत होते. म्हणून 510-520 ग्रॅमच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे.