कोथरूड-कर्वेनगर भागात फ्लॅटमध्ये जागा हवी आहे : पहिल्या संदेशात स्वतःविषयी काय लिहावे?

प्रश्न

नमस्कार. मी मूळची नांदेडची असून पुढील महिन्यात पुण्यातील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होत आहे. जिथे आधीपासून दोन-तीन मुली एकत्र राहतात अशा फ्लॅटमध्ये मला जागा हवी आहे. आतापर्यंत ११ ठिकाणी 'जागा शिल्लक आहे का? भाडे आणि डिपॉझिट किती?' एवढाच संदेश पाठवला. दोघींनी उत्तर दिले, परंतु मला आठवड्यातून तीन रात्रपाळ्या असतात हे कळल्यावर त्याही बोलेनाशा झाल्या. रात्रपाळी आणि मांसाहार या गोष्टी सुरुवातीलाच लिहाव्यात की भेटीपर्यंत थांबावे? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी कर्वेनगरमध्ये सहा वर्षे अशाच फ्लॅटमध्ये राहिले आणि कॉट रिकामी झाली की आलेले संदेश वाचण्याचे काम माझ्याकडेच असे. 'मी शांत, स्वच्छताप्रिय आणि मनमिळाऊ आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकीच्या संदेशात असते, त्यामुळे त्यावरून माणूस कळत नाही. नवी मुलगी सकाळी किती वाजता आंघोळीला जाणार, स्वयंपाक करणार की डबा लावणार, गावाहून आईवडील आले तर किती दिवस राहणार, आणि गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असेल तेव्हा बुधवारी रात्री पिंप भरायची पाळी घेणार का, हे आम्हाला जाणून घ्यायचे असे. एकीने लिहिले होते, 'मी पहाटे साडेपाचला उठते, पण सातच्या आधी मिक्सर लावत नाही.' तिला आम्ही त्याच संध्याकाळी चहाला बोलावले आणि पुढे चार वर्षे ती आमच्यासोबत राहिली.

रात्रपाळी मुळीच लपवू नका. ती नुसती सांगितली की समोरच्या मुलींच्या डोळ्यांसमोर मध्यरात्री वाजणारी बेल येते. म्हणून नीट लिहा : 'त्या तीन दिवशी मी संध्याकाळी सातला निघते, सकाळी नऊपर्यंत परतते आणि दुपारी तीनपर्यंत झोपते, माझ्याजवळ वेगळी किल्ली असेल तर दार उघडायला कोणाला उठावे लागणार नाही.' नोकरी करणाऱ्या मुलींना यात अडचण तर नाहीच, उलट सकाळच्या गर्दीत बाथरूम मोकळे मिळते. मांसाहाराबाबत मात्र घरमालकाची अट असू शकते, तेव्हा तेही आधीच विचारलेले बरे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका बाबतीत सावध करावेसे वाटते. दिनक्रम सांगावा, पण रुग्णालयाचे नाव, आधार कार्डाची प्रत किंवा नियुक्तिपत्र अनोळखी क्रमांकावर पाठवू नये आणि जागा पाहण्यापूर्वी टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नये.

प्रतिसाद ३

भेटीच्या वेळी 'करारात माझे नाव येईल का?' हा प्रश्न अवश्य विचारावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक काळासाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हे करार बहुधा ११ महिन्यांचे असतात, आणि मधल्या काळात एक मुलगी जाऊन दुसरी आली की नाव बदलण्याचे राहून जाते. मी डिपॉझिट आधीच्या मुलीच्या हातात दिले होते. जागा सोडताना घरमालकांनी 'तुमचे नाव कागदावर नाही' असे सांगितले आणि ती रक्कम मिळवण्यासाठी मला पाच महिने त्या मुलीच्या मागे लागावे लागले.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळीच्या वेळा, किल्लीची विनंती, आठवड्यातून एकदा अंडी किंवा मासे करण्याची सवय आणि पाणी भरण्याची तयारी, असे सहा ओळींत लिहून काल चार ठिकाणी पाठवले. कोथरूडमधील एका घरातून रविवारी सकाळी अकराला बोलावणे आले आहे. 'आमच्याकडे किल्ल्या दोनच आहेत, तिसरी करून घेऊ,' असे त्यांनी स्वतःहून लिहिले आहे. कराराविषयी तिथेच विचारीन.