मदत हवी आहे: वाडीतल्या शाळेसाठी जिल्हा परिषदेशी करार कसा करायचा?

नमस्कार मंडळी. दापोलीकडची आमची जि. प. शाळा, पट 14, गुरुजी एकच. पावसात कौलं गळतात, पोरं दप्तर मांडीवर घेऊन बसतात. चौथीतली मुलगी जोडाक्षराला अडखळते.

मुंबईकर मंडळ पैसे द्यायला तयार आहे, पण नुसत्या रंगरंगोटीने वाचन सुधारत नाही. (मागे दिलेला टीव्ही अजून खोक्यातच आहे!) म्हणून रीतसर तीन वर्षांचा करार हवाय: दुरुस्ती आमची, दुसरा शिक्षक जिल्हा परिषदेचा, वाचनाचं प्रशिक्षण डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था).

शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, मग ठराव तिथूनच घ्यायचा ना? पुढे गटशिक्षणाधिकारी की थेट जिल्हा परिषदेचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी)? रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी असं केलं असेल तर मसुदा दाखवाल का? गणपतीत सगळे गावी येतील, तेव्हाच सह्या उरकायच्यात.