ढाबा, सावजी, फॅमिली हॉटेल : जेवायला गेलो आन् मनस्ताप घेऊन आलो, तुमचे अनुभव सांगा

वावरवाली
काल पोळ्याची कर झाली. पुरणपोळ्या करून करून पाठ गेली होती, मटणाचं वाटण करायचा जीवच नव्हता. नवरा म्हणे चाल, रोडवरच्या ढाब्यावर जाऊ. सव्वा तास बसलो. पाणी नाही. मग कांदा-लिंबू आला, पोरानं कांद्यावरच पोट भरलं. मग पोट्टा येऊन सांगते मटण संपलं, चिकन चालन का. सासूबाईंनी बाजूच्या टेबलाकडं बोट केलं, मंग थे काय हाय? तर म्हणे त्यांची ऑर्डर फोनवर होती.

राग आला नाही, बाबा आठवले. 1996 चं असेल, मी चौथीत. एकाधिकारातल्या, म्हणजे सरकारी खरेदीत घातलेल्या, कापसाचा चुकारा बऱ्याच उशिरानं हाती आला आणि बाबांनी आम्हा नऊ जणांना तालुक्याला 'फॅमिली रूम'वाल्या हॉटेलात नेलं. हिरवा पडदा, टेबलावर काच, काचेखाली लक्ष्मीचं कॅलेंडर. आम्ही बहिणी काचेला हात लावून पाहत होतो. ऑर्डर देऊन अर्धा तास झाला न् वेटर आला, उठा म्हणे, साहेब लोक येऊन रायले. आम्हाला हात धुवायच्या बेसिनपाशी बसवलं. जो येईल तो हात झटकून जाई, शिंतोडे आमच्या ताटात. मुक्कामी गाडी नऊची, मटण आलं साडेआठला, तेही तोंड भाजेल असं. चार घास खाल्ले न् पळालो. पळता पळता बाबांनी बडीशेपच्या बशीत पाच रुपये ठेवले. दादा म्हणाला कायले देता, त्यानं तं आपल्याले उठोलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आईनं पदरात बांधलेल्या रोट्या आम्ही गाडीत कोरड्याच खाल्ल्या.

तुमचे पण सांगा. हॉटेलचं नाव मात्र नका लिहू, उगाच भांडणं नकोत.

तर्रीबाज
करीच्या दिवशी ढाबा? ताई तुमी बी ना. आमच्या गावात सकाळी सहालेच बोकडाचे हिस्से पडतात, नऊले घरोघरी वास सुटते. त्या दिवशी ढाब्यावर जाणारे म्हणजे एक तं नोकरीवाले, नाई तं घरी भांडण झालेले 😄

वावरवाली
दोन्ही 😄

नानाचा पोट्टा
माझा कोंबडा बदलला राजेहो.

आमच्या इकडं ढाब्यावर माल आपण न्यायचा, ते किलोवर शिजवून देतात, सगळ्याइले माहीत हाय. मी घरचा गावरान कोंबडा नेला, दीड वर्षाचा, तुरा असा की कोर्टातल्या पट्टेवाल्याचा फेटा. मित्राच्या पोट्ट्याचं बारसं होतं, आमी चौघं. दिला, म्हटलं झणझणीत कर, जवसाच्या तेलात कर. बसलो. पंचवीस मिनटात रश्श्याचा बाऊल आला! आता मले सांगा, दीड वर्षाचा गावरान कोंबडा पंचवीस मिनटात शिजते का? चुलीवर घंटा-दीड घंटा हलत नाही तो. पहिला तुकडा हातात घेतला तं हाडावरून मांस असं सुटलं जसं ओला कागद. हाड दाताखाली भुसभुशीत. हे ब्रॉयलर. मालकाले बोलावलं, म्हणे साहेब कुकर मोठा हाय आमचा. म्हटलं कुकर दाखव. दाखोला नाही. मागच्या बाजूनं जाऊन पायलं तं माझा कोंबडा खुराड्यात उभा, माझ्याकडं पाहून रायला!!

पांढरकवड्याची सून
हसून हसून चहा सांडला. मग परत आणला का नाही?

तर्रीबाज
खरं तं हे सेवेत कमी नाई, कोंबड्याचं नशीब जोरावर होतं. आन् जवसाच्या तेलाचं विसरा आता, सावजीचं जेवण मुळात नागपूरच्या हलबा कोष्टी लोकायचं, त्यायच्या घरी जवसाचं तेल होतं म्हणून तशी चव. आता पाटीवर सावजी लिहिते न् आत सोयाबीन तेल न् लाल रंग. नुसतं तिखट म्हणजे सावजी नाही बाप्पा, मसाला भाजायले वेळ लागते.

मालकऱ्याची नात
आमचं हसण्यासारखं नाहीये. आजी माळकरी, सत्तरीच्या पुढं. दवाखान्यातून येता येता उशीर झाला, साखरेच्या गोळ्या घ्यायच्या तर पोटात काहीतरी हवं म्हणून 'व्हेज-नॉनव्हेज' पाटीच्या ठिकाणी थांबलो. तीन वेळा सांगितलं, वेगळ्या भांड्यातलं द्या. पाटवडी रस्सा आला. आजीनं वडी फोडली न् खाली रश्श्यात हाडूक. बोटाएवढं. आजी काही ओरडली नाही, ताट हळूच पुढं सरकवलं आणि माळेला हात लावून बसली. मालक म्हणाला, पळी चुकली असेल मावशी, एवढ्यानं काय होते. त्या 'एवढ्यानं' शब्दाचा मला आजही राग येतो. चूक होते, मान्य. पण हसत बोलला तो. बिलातून पाटवडीचे पैसे पण कमी केले नाहीत. त्यानंतर आजी कुठंही गेली तरी पिशवीत दशम्या. आजी जाऊन दोन वर्षं झाली.

पांढरकवड्याची सून
माय वं. वाईट वाटलं वाचून.

वावरवाली
🙏 आमच्या आजेसासू पण तशाच होत्या, पिशवीत दशम्या न् तिळाची चटणी.

ह्यूस्टनचा वऱ्हाडी
मूळ हिंगणघाट, सध्या टेक्सास. वाटू नका देऊ की हे फक्त आपल्याकडं होते. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मोठ्या हौशीनं स्टेकहाऊसला नेलं, बसायला जागा नव्हती म्हणून हातात एक थरथरणारं यंत्र दिलं, नंबर आला की वाजते. पंचावन्न मिनिटं वाजलं नाही. बाबा दर पाच मिनिटांनी कानाला लावून पाहत होते. गाईचं चालत नाही म्हणून त्यांच्यासाठी लँब चॉप्स सांगितले आणि वाढणाऱ्या पोरीला बजावलं, वेल डन, पूर्ण शिजलेलं. इथं लोक मिडियम रेअर खातात, म्हणजे आत साधारण 55 डिग्री सेल्सियस, मधोमध गुलाबी. वेल डन म्हणजे 70 च्या वर. आले ते गुलाबी. परत पाठवले. पुन्हा आले, तरी गुलाबीच. तिसऱ्यांदा आले ते कोळसा. तोवर आमचं जेवण होऊन थंड झालं होतं. बाबांनी एक तुकडा खाल्ला न् विचारलं, याले फोडणी कुठं हाय?

बिल आलं तेव्हा मी रागानं टिप देणार नव्हतो. इथं 15 ते 20 टक्के द्यायची रीत आहे. पण त्या पोरीला मालक तासाला 2 डॉलर 13 सेंट देऊ शकते, कायद्यानं, बाकी पगार म्हणजे टिपच. आणि चूक भटारखान्याची, तिची कुठं? दिली शेवटी. वावरवाली ताई, तुमच्या बाबांचे पाच रुपये वाचून ते आठवलं.

तर्रीबाज
"याले फोडणी कुठं हाय" 😂😂 काकाले नमस्कार सांगा

हिशेबनीस
कामाचं बोलतो, रागावू नका. हॉटेलच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के. पण लहान हॉटेलवाला कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असेल तर तो कर त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा, तुमच्याकडून घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्या तालुक्याला एकानं माझ्याच बिलात जीएसटी लावला, नंबर मात्र छापलेला नाही. मी म्हटलं नंबर दाखव. पाच मिनिटात कर गायब, वर मसाला पान फुकट. सर्व्हिस चार्जचं पण सांगतो, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलंय की तो परस्पर बिलात टाकता येत नाही. तक्रार 1915 वर करता येते.

तर्रीबाज
साहेब, ज्या ढाब्यावर बिलच सिगरेटच्या पाकिटावर लिहून देतात तिथं काय करायचं?

हिशेबनीस
पाकीट जपून ठेवायचं 😄

पांढरकवड्याची सून
आणि पाण्याची बाटली? वीसची तीसला लावतात.

हिशेबनीस
त्यात अवघड आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला, बसून पाणी पिता म्हणजे नुसती विक्री नाही, सेवा पण आली म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात. साधं पाणी मागा ना पण.

माजी वेटर
सगळे वाचले. आता माझं ऐका. मी चार वर्षं हायवेवरच्या हॉटेलात होतो, बारावी नापास झाल्यावर. करीच्या दिवशी, होळीच्या दुसऱ्या दिवशी, न् लग्नसराईत काय असते हे बसणाऱ्याले नाही समजत. आठ पोट्टे कामावर, त्यातले तीन करीले गावी पळालेले. तंदूर एक. रोटीवाला एका वेळी किती लावन? टेबलं बावीस. प्रत्येक टेबल म्हणते आमची रोटी कुठं. मटण संपते तेव्हा शिव्या आमाले, मालक गल्ल्यावर अगरबत्ती लावत बसते. आन् 'उठा, साहेब लोक येऊन रायले' हे वेटर आपल्या मनानं नाही म्हणत ताई. मलेही म्हणावं लागलं हाय, एका म्हाताऱ्या जोडप्याले. त्यायनं लगेच उठून थैली उचलली, काहीच नाही म्हटलं. भांडले असते तं बरं झालं असतं. दोन रात्री झोप नव्हती. पाटवडीत हाडूक मात्र माफ नाही, तिथं पळी वेगळी ठेवणं मालकाचंच काम हाय.

मालकऱ्याची नात
दादा, हे लिहिलंत बरं झालं.

सोयाबीन_साडेतीन_एकर
धागा चांगला हाय पण कोणाकडं पाऊस हाय का? आमच्याकडं आठ दिवस झाले, पिवळं पडून रायलं.

तर्रीबाज
दारव्हा साईडले काल आला थोडासा. ढगं लय, पाणी कमी. ढाब्यावरच्या रश्श्यासारखं.

वावरवाली
आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते नऊ नाही, आठच जण होतो, धाकटी झालीच नव्हती तेव्हा. आणि पाच रुपये बाबांनी ठेवले नव्हते, खिशातून पडले होते, म्हणे घरी आल्यावर रात्रभर शोधत होते 🙈 आता कोणाचं खरं मानू? दादाला फोन लावला तर तो म्हणते ठेवलेच होते, मी पायलं.

पांढरकवड्याची सून
दादाचं धरा. आणि नानाचा पोट्टा, त्या कोंबड्याचं पुढं काय झालं ते सांगा ना, तीन वेळा विचारलं.

नानाचा पोट्टा
बैलं सोडत होतो. आणला परत. बायको म्हणते दोनदा वाचला, आता याले कापायचं नाही. त्यालेही समजलं वाटते, पहाटे चारपासून डोक्यावर बसते.